शाळेत परतलेल्यांना शिकवताना

वर्गात फिरताना मी एखाद्या बाकाजवळ पोहोचले की काही विद्यार्थ्यांचा डावा हात आपोआप वहीवर येतो. तळवा पालथा, बोटे एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्याखाली नुकतेच लिहिलेले उत्तर झाकलेले. हे करणारी माणसे बारा-तेरा वर्षांची मुले नव्हेत. कोणी विशीतले आहेत, कोणी चाळिशी ओलांडलेले. ज्या इयत्तेची परीक्षा द्यायला ही माणसे माझ्यासमोर बसतात, त्याच इयत्तेत काहींची मुले शिकत असतात. दिवसभर ती जबाबदारीची कामे करतात, पैशांचे व्यवहार सांभाळतात, घर चालवतात. संध्याकाळी वर्गात आली की मात्र हात वहीवर जातो. माध्यमिक शाळा अर्ध्यावर सुटलेल्या किंवा शेवटच्या परीक्षेत नापास होऊन थांबलेल्या अशा विद्यार्थ्यांना मी चौदा वर्षे गणित शिकवते आहे, आणि अडेल तिथे भाषाही. त्या पालथ्या तळव्याखाली काय असते हे समजून घेण्यातच माझ्या कामाचा मोठा भाग गेला आहे.

पहिल्यांदा शाळेत येणाऱ्या मुलाची पाटी कोरी असते असे आपण म्हणतो. परतून आलेल्या माणसाच्या पाटीवर आधीच बरेच काही लिहून झालेले असते आणि त्यातले अर्धे पुसटलेले असते. काही संकल्पना पक्क्या बसलेल्या, काही अर्धवट, काही चुकीच्या पण घट्ट रुजलेल्या, आणि या सगळ्यांच्या वर ‘आपल्याला हे जमत नाही’ हा निष्कर्ष, जो कोणत्याही धड्यापेक्षा चांगला पाठ झालेला. म्हणून तोच अभ्यासक्रम, तीच पुस्तके आणि तोच फळा घेऊन थोड्या सावकाशीने पुन्हा शिकवले की काम झाले, ही समजूत मला फार घातक वाटते. धागा जिथे तुटला ती जागा शोधायची आणि तिथे गाठ मारायची, हे या अध्यापनाचे मुख्य काम आहे. ती जागा प्रत्येकाची वेगळी असते, विद्यार्थ्याला वाटते त्याहून बहुतेक वेळा बरीच मागची असते, आणि लाजेपोटी नीट झाकून ठेवलेली असते.

सुरुवातीच्या वर्षांत ही जागा शोधण्यासाठी मी पहिल्याच दिवशी चाचणी घेत असे. कोणाला काय येते ते कळावे, म्हणजे तिथून पुढे जाता येईल, एवढाच त्यामागे हेतू होता. एका वर्षी ती चाळीस गुणांची चाचणी झाली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चार जण कमी होते. त्यांपैकी दोघे पुन्हा कधीच आले नाहीत. अनेक वर्षे धीर गोळा करून ज्या माणसाने शाळेचा उंबरठा ओलांडला, त्याच्यापुढे मी पहिल्याच तासाला तीच वस्तू ठेवली होती जिच्यामुळे तो शाळेबाहेर पडला होता. ती चूक पूर्णपणे माझी होती आणि त्या दोघांच्या बाबतीत तिची भरपाई मला करता आली नाही. आता पहिले दोन आठवडे गुण ही गोष्टच वर्गात नसते. मी उदाहरणे देते, सोडवताना एकेकाच्या शेजारी जाऊन बसते आणि मनात चाललेले मोठ्याने बोलायला सांगते. कोणाची पेन्सिल कुठे थबकते, कोण कोणत्या पायरीवर खोडरबर शोधू लागते, यातून मला जे कळते ते चाळीस गुणांच्या कागदातून कधी कळले नव्हते.

मागच्या तुकडीतल्या एका बाईंचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. ‘आकडे असतील तोवर ठीक, क्ष आला की माझं डोकं बंद पडतं,’ असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांच्या मते त्यांचे दुखणे बीजगणितात होते. एके दिवशी फळ्यावर उदाहरण होते: क्ष छेद दोन अधिक क्ष छेद तीन बरोबर दहा. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा तळवा वहीवर होताच. थोड्या वेळाने तो बाजूला झाला. खाली उत्तर होते पंचवीस. दोन क्ष छेद पाच बरोबर दहा, म्हणून क्ष बरोबर पंचवीस, अशा नेटक्या पायऱ्या लिहिलेल्या होत्या. शेवटच्या पायरीत एकही चूक नव्हती, म्हणजे समीकरण सोडवणे त्यांना उत्तम येत होते. मी क्ष पुसून टाकला आणि एवढेच विचारले, की एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती. त्यांनी लगेच लिहिले, दोन छेद पाच.

मी उत्तर चूक आहे असे म्हटले नाही. विचारले, ‘तुमच्याकडे अर्धे होते, त्यात आणखी काही घातले. आता जे झाले ते अर्ध्यापेक्षा जास्त व्हायला हवे की कमी?’ त्या म्हणाल्या, ‘जास्त.’ मग विचारले, ‘दोन छेद पाच अर्ध्यापेक्षा जास्त आहे का?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ओठ हलत होते. ‘पाचाचं अर्धं अडीच. दोन म्हणजे कमी झालं,’ असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘म्हणजे मी भर घालून कमी केलं?’ मी कागदाची एक पट्टी त्यांच्या हातात दिली. ती घडी घालून त्यांनी सहा सारखे भाग केले. अर्धे म्हणजे तीन भाग, एक तृतीयांश म्हणजे दोन भाग, एकूण सहातले पाच. पाच छेद सहा. मग क्ष परत आणला आणि उत्तर आले बारा. बाराचे अर्धे सहा, तिसरा हिस्सा चार, बेरीज दहा. ती बेरीज त्यांनी तीनदा करून पाहिली. मग जे म्हणाल्या ते मी त्याच रात्री माझ्या वहीत उतरवून ठेवले: ‘मॅडम, लसावि काढता येतो मला, पाठ आहे. पण तो यासाठी काढतात हे माहीत नव्हतं.’ थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, ‘शिकवलं असेल बहुतेक. मीच त्या दिवसांत शाळेत नसेन.’

नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले, की लहान वयात घरातल्या आजारपणामुळे त्यांची दोन-अडीच महिने शाळा बुडाली होती. अपूर्णांकांची बेरीज त्याच दिवसांत होऊन गेली असावी. पुढे शाळेत गेल्या, वर्गही चढत गेल्या, पण टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, संभाव्यता, समीकरणे, त्रिकोणमितीतील गुणोत्तरे, असे एकापाठोपाठ एक मजले त्या न भरलेल्या पायावर चढवले गेले आणि शेवटच्या परीक्षेत इमारत बसली. दोष मात्र त्यांनी स्वतःच्या डोक्याला दिला आणि तो पंधरा वर्षे देत राहिल्या. जे दुरुस्त करायचे होते ते कागदाच्या एका पट्टीने आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांच्या सरावाने दुरुस्त झाले. सगळ्यांचेच इतक्या लवकर होते असे नाही. पण पुन्हा पुन्हा मला हेच आढळले आहे की विद्यार्थी ज्या धड्याचे नाव घेतो, त्याच्या दोन-तीन इयत्ता मागे खरा खड्डा असतो. मागे जाऊन तो भरायला वेळ लागतो, आणि परीक्षेची तारीख डोक्यावर असताना हा वेळ काढणे शिक्षकाला फार जड जाते, हे मी अनुभवाने जाणते. तरीही तो काढावाच लागतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. या माणसांना जे येते ते त्यांनाही माहीत नसते. माझ्या वर्गात मालाच्या गोदामात काम करणारा एक तरुण होता. एका गाडीत खोक्यांचे किती थर बसतील, वजन कुठे जास्त होईल, उरलेला माल किती फेऱ्यांत जाईल, हे तो उभ्या उभ्या सांगत असे. घनफळाच्या धड्याला मात्र तो पान उलटून टाकत असे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि आनालूसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षे वयाच्या पाच मुलांचा अभ्यास करून १९८५ मध्ये प्रसिद्ध केला होता, तो मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. विक्रीच्या ओघात गिऱ्हाइकाने विचारलेल्या हिशेबांपैकी ९८.२ टक्के हिशेब या मुलांनी बरोबर केले. तशाच आकड्यांची नुसती आकडेमोड कागदावर दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३६.८ टक्क्यांवर घसरले. एका मुलाला ३५ चा एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत विचारली, तर त्याने तीन नारळांचे १०५, आणखी तीन घेऊन २१०, असे करत ३५० पर्यंत मजल मारली. दहाने गुणताना शून्य जोडायचे असते, हा शाळेचा नियम त्याच्या वाटेत कुठेच आला नाही.

या अभ्यासाचा अर्थ ‘शाळेचे गणित निरुपयोगी’ असा काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. गोदामातल्या त्या तरुणाला कागदावरचे घनफळ यायलाच हवे होते, कारण डोक्यातली रीत माहितीच्या आकारांपुरतीच चालते आणि कागदावरची रीत अनोळखी आकारालाही लागू पडते. पण त्याच्या डोक्यात जी रीत होती तिला आधी मान द्यायला हवा होता. मी त्याला फळ्याजवळ बोलावून त्याचा थरांचा हिशेब वर्गाला समजावून सांगायला लावला, आणि तो बोलत असताना तेच चिन्हांत लिहीत गेले. एका थरात किती खोकी, म्हणजे लांबी गुणिले रुंदी. थर किती, म्हणजे उंची. तो खडू हातात घेऊन माझ्या ओळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘हे एवढंच आहे?’

‘एवढंच’ हा शब्द त्याने वापरला तर चालतो, मी वापरलेला चालत नाही. सुरुवातीला धीर देण्यासाठी मी सारखे म्हणत असे, ‘अहो, हे अगदी सोपं आहे.’ एका विद्यार्थिनीने मला तासानंतर थांबवून शांतपणे सांगितले, की तुम्ही सोपे म्हणता तेव्हा मी प्रश्न विचारत नाही, कारण सोपे असूनही मला आले नाही हे सगळ्यांना कळेल. तेव्हापासून तो शब्द मी वर्गातून काढून टाकला आहे. आता मी म्हणते, ‘ही पायरी अनेकांना अडते, इथे जरा थांबू.’ तसेच संबोधनाचे. वर्गातल्या प्रत्येकाला, मग तो अठरा वर्षांचा का असेना, मी ‘तुम्ही’ म्हणते. असाच एक अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी मी ‘तुम्ही सांगा’ म्हटल्यावर मागे वळून पाहू लागला होता, की मी कोणाला विचारते आहे. त्या मुलाला शाळेत कोणत्या शब्दांनी हाक मारली जात असेल याचा अंदाज मला त्या एका वळून पाहण्यात आला.

गणिताबाहेरच्या दोन अडचणी अशा आहेत ज्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली प्रश्नाच्या भाषेची. ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘थोडक्यात उत्तर लिहा’, ‘सिद्ध करा’, ‘पडताळा घ्या’ या सूचना शाळेत सलग दहा वर्षे बसलेल्या मुलाच्या कानांवर इतक्या वेळा पडलेल्या असतात की त्यांचा अर्थ त्याला वेगळा सांगावा लागत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या माणसाला त्या सगळ्या सारख्याच वाटतात आणि तो प्रत्येक ठिकाणी त्या विषयाबद्दल आठवेल ते सगळे लिहून काढतो. उत्तर चुकीचे नसते, विचारलेल्याचे नसते. म्हणून मी एक पूर्ण आठवडा उत्तरे न लिहिता नुसते प्रश्न वाचण्यात घालवते: प्रश्न काय मागतो आहे, किती मागतो आहे, दोन गुणांना किती ओळी पुरतात. या आठवड्यात अभ्यासक्रम एका पानानेही पुढे सरकत नाही आणि तरीही त्याच्याइतका फलदायी आठवडा वर्षात दुसरा नसतो.

दुसरी अडचण हाताची आहे, अगदी शब्दशः. आठ-दहा वर्षे ज्याने सहीपलीकडे काही लिहिलेले नाही, त्याचा हात वीस मिनिटांत भरून येतो. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अक्षर मोठे आणि वेडेवाकडे होत जाते, आणि उत्तर येत असूनही पेपर अपुरा राहतो. तीन तासांच्या परीक्षेला बसायचे तर हाताला तीन तासांची सवय हवी. पहिल्या महिन्यात रोज दहा मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास, असे आम्ही नुसते सलग लिहितो. पाठ्यपुस्तकातला उतारा, घरचा हिशेब, काहीही चालते. पेन फार घट्ट धरू नका, हे मी वर्षभरात जितक्या वेळा सांगते तितक्या वेळा पायथागोरसचे नावही घेत नाही.

उजळणी कशी करायची, याबद्दलही जुन्या सवयी मोडाव्या लागतात. परतलेले विद्यार्थी जीव तोडून वाचतात. तोच धडा चार-चार वेळा, ओळीखाली रेघा मारत. वाचून झाल्यावर सगळे येते आहे असे वाटते आणि आठवड्याने काहीच आठवत नाही, मग ‘माझी स्मरणशक्तीच गेली’ हा निष्कर्ष. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधील प्रयोग मी त्यांना फळ्यावर आकडे मांडून दाखवते. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवत होते आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने तपासले तेव्हा वाचणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांवर आले होते आणि लिहिणाऱ्यांचे ५६ टक्के टिकले होते. हे आकडे पाहून वर्गात खरोखरच सुटकेचा नि:श्वास ऐकू येतो. विसरणे हा आपल्यापुरता दोष नाही, रीत बदलली तर कमी विसरायला होते, ही बातमी त्यांच्यासाठी मोठी असते. त्यानंतर पुस्तक मिटून लिहिणे हा आमचा रोजचा नेम होतो. कोणी ते लिखाण तपासत नाही, त्याला गुण नसतात. प्रत्येकाने स्वतःच पुस्तक उघडून राहिलेले भरायचे.

पाठांतरावर भिस्त ठेवण्याचा मोह मात्र शिक्षकालाही सुटत नाही, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी परीक्षा दोन महिन्यांवर असताना एका विद्यार्थ्याला मी भूमितीच्या नेमक्या सहा सिद्धता पाठ करायला लावल्या. अपेक्षित प्रश्नसंच पुढ्यात होता, त्यातले चार आले, तो उत्तीर्ण झाला. त्याने आनंदाने घरी बोलावले, मीही गेले. दुसऱ्या वर्षी तो भेटायला आला तेव्हा पुढच्या तांत्रिक अभ्यासक्रमातून बाहेर पडला होता. तिथे आराखडे वाचावे लागत आणि समरूप त्रिकोण म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हते. त्याला फक्त सिद्धतेच्या ओळी माहीत होत्या. त्याने मला काहीही दोष दिला नाही, उलट तुमच्यामुळे निदान पास झालो, असेच तो म्हणाला. मला ते वाक्य अजून टोचते. या विद्यार्थ्यांसाठी परीक्षा सोपी करावी, अभ्यासक्रम कापावा, असे सुचवणारे लोक मनाने चांगले असतात, परंतु दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला आपण पोकळ प्रमाणपत्र दिले तर तिसऱ्यांदा येण्याचे बळ त्याच्यात उरत नाही. त्याला पूर्ण शिक्षण मिळायला हवे. सवलत द्यायची तर ती वेळेची, टप्प्यांची आणि पद्धतीची द्यावी.

अशी सवलत देणे म्हणजे उपकार नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. १८५५ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा दिवसभर राबणाऱ्या माणसाला शिकायचे असेल तर शाळेने आपली वेळ बदलली पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखवले. दुसऱ्या महायुद्धात शिक्षण सोडून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी अमेरिकेत १९४२ मध्ये माध्यमिक शिक्षणाला समकक्ष असलेली परीक्षा तयार झाली. जीईडी या नावाने ती आजही घेतली जाते. त्या सैनिकांना कोणी ‘ढ’ म्हटले नाही. त्यांची शाळा का सुटली हे सगळ्यांना दिसत होते. आजारपणात, कर्जात, स्थलांतरात किंवा लवकर झालेल्या लग्नात ज्यांची शाळा सुटली, त्यांचे कारण असे सगळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक आहे. फ्रान्समध्ये मार्सेय येथे १९९७ मध्ये ‘दुसऱ्या संधीची शाळा’ याच अर्थाच्या नावाने संस्था सुरू झाली आणि तिने वर्गातील शिक्षण व प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचा अनुभव आलटून पालटून द्यायची पद्धत स्वीकारली. आपल्याकडे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. सगळे विषय एकाच बैठकीत, नाहीतर नापास, ही अट गेली की कितीतरी माणसांना श्वास घ्यायला जागा मिळते. दोन विषय सुटलेला विद्यार्थी तिसऱ्याकडे ज्या चेहऱ्याने बघतो तो चेहरा एकदम सहा विषयांना सामोरे जाणाऱ्याचा नसतो.

गैरहजेरीबद्दल माझे मत अनेक सहकाऱ्यांना पटत नाही, तरी ते लिहिते. या वर्गात पूर्ण हजेरी कधीच नसते आणि ती मागण्यात अर्थ नाही. कामाची पाळी बदलते, मूल तापाने फणफणते, घरात कोणी दगावते. जो माणूस चार दिवस येत नाही त्याला पाचव्या दिवशी वर्गात पाऊल टाकताना दोन गोष्टींची भीती असते: ‘कुठे होता?’ हा प्रश्न आणि बुडालेला अभ्यास. या दोन भीती एकत्र आल्या की चाराचे चाळीस दिवस होतात आणि मग शाळा पुन्हा सुटते. लहानपणी त्यांची शाळा सुटली तीही बहुतेक वेळा अशीच, एका दिवशी ठरवून नव्हे. म्हणून मी दोन गोष्टी करते. प्रत्येक तास शक्यतो स्वतःत पूर्ण ठेवते, कालच्या तासाविना आजचा कळणारच नाही असे होऊ देत नाही. गणितात हे नेहमी जमत नाही, पण प्रयत्न सोडत नाही. आणि दाराशेजारी एक पुठ्ठ्याचे खोके ठेवते. त्या दिवशी काय झाले, एक सोडवलेले उदाहरण, तीन न सोडवलेली, असा एका पानाचा कागद रोज त्यात जातो, वर तारीख घालून. ज्याचे दिवस बुडाले त्याने आत येताना आपापले कागद उचलायचे. माझ्याकडे मागायचे नाहीत, कारण सांगायचे नाही.

ज्यांच्या लसाविची गोष्ट मी वर सांगितली, त्या बाई दिवाळीनंतर अचानक यायच्या बंद झाल्या. पहिल्या आठवड्यात मी फोन केला, उचलला गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात एक निरोप ठेवला, त्यात फक्त पुढच्या सोमवारी कोणता धडा आहे ते सांगितले. मला खात्री नव्हती. दरवर्षी तीन-चार जण असे जातात आणि त्यांतले निम्मेच परत येतात, आणि कोण येईल हे मला चौदा वर्षांनंतरही आधी ओळखता येत नाही. मी रोजचे कागद खोक्यात टाकत राहिले. तिसऱ्या आठवड्यात, वर्गसमीकरणांचा तास सुरू होऊन दहा मिनिटे झाली असताना, दार हळूच उघडले. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, मागे पाहिले नाही. खोक्यातले कागद चाळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी वळले तेव्हा त्या आपल्या नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या, अकरा कागद तारखेप्रमाणे लावून झाले होते, आणि पहिल्या कागदावरचे पहिले उदाहरण त्यांनी लिहायला घेतले होते.